पाटल्या आणि भरीत

वस्तूंवर पैसे घालवू नका, अनुभवांवर घालवा, म्हणजे सुखी व्हाल, असं हल्ली जो तो सांगतो. सांगणारा बहुधा नुकताच सिंगापूरहून आलेला असतो आणि त्याचे अनुभव आपल्याला फोटोंसकट घ्यावे लागतात.

या मताला अमेरिकेचा आधार आहे. २००३ साली व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, कुठल्या खरेदीनं जास्त सुख झालं? निम्म्याहून अधिकांनी वस्तू सोडून अनुभवाकडे बोट दाखवलं. मी धुळ्याचा. खरेदी टाळायला शास्त्रीय कारण मिळालं की आम्हाला ते लगेच पटतं. पण सासुरवाडी पडली जळगावची, म्हणजे सोन्याच्या गावातली! आखाजीला ही माहेरी निघाली तेव्हा मी म्हणालो, "यंदा सोनं नको, अनुभव घेऊ."

"तुमच्याबरोबर एकतीस वर्षं तेच तर घेतेय," ही म्हणाली.

आता अनुभवाचं सुख मी नाकारत नाही. थंडीत मळ्यात कपाशीच्या काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी! वांग्याचे पैसे कोण लक्षात ठेवतो? चव मात्र वर्षभर पुरते. फक्त तो अनुभव आम्हाला येत असताना चुलीचा धूर कुणाच्या डोळ्यांत जात होता, हे त्या संशोधनात विचारलेलं दिसत नाही.

आणखीही एक राहिलं. धाकटा आजारी पडला तेव्हा हिच्या पाटल्या गहाण पडल्या. भरिताच्या आठवणीवर कुणी कर्ज देत नाही हो! पाटल्या सुटायला चार वर्षं लागली. त्या परत हातात चढल्या त्या दिवशी ही देवापुढे बराच वेळ बसून होती. आता ती वस्तू म्हणायची की अनुभव? २०१८ साली ली, हॉल आणि वुड या संशोधकांना आढळलं, की ज्यांच्याकडे पैसा बेताचा, त्यांना वस्तूही तितकंच, कधी जास्तच सुख देते. पुढच्या उन्हाची काळजी असलेल्याला छत्रीचं सुख कळतंच.

शेवटी तडजोड म्हणून थंडीत आम्ही अजिंठ्याला गेलो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे मी गंभीर झालो. म्हटलं, "बघ, केवढी करुणा आहे चेहऱ्यावर!"

ही बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आहे खरी. पण मुकुट आणि मोत्यांची माळ काही त्यानं काढून ठेवलेली नाही हं!"