रक्तरसातील कोलिनेस्टरेज आणि वसाविकार : एका तुलनापद्धतीची चिकित्सा

रक्तातील वसा वाढलेल्या, विशेषतः ट्रायग्लिसराइड अधिक असलेल्या, व्यक्तींच्या रक्तरसात कोलिनेस्टरेज या एंझाइमाची क्रियाशीलता अधिक आढळते, हे निरीक्षण आता परिचित आहे. हे एंझाइम यकृतात तयार होते. वसाविकारात व स्थूलपणात ते वाढते, कुपोषणात व यकृतविकारात घटते. अशा अभ्यासांची रूढ रीत म्हणजे रुग्णांचा एक व निरोगी व्यक्तींचा एक असे दोन गट घेऊन त्यांच्या सरासऱ्यांतील फरक नोंदविणे. हा फरक खरा असतो. आमचा आक्षेप आहे तो तेथेच थांबण्याला.

कारण सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके याच एंझाइमाची क्रिया बंद पाडतात आणि तिच्या घटीवरून विषबाधेचे अनुमान केले जाते. डहाणू-तलासरी भागात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. तेथे चिकूच्या विस्तीर्ण बागा आहेत, आणि आदिवासी पाड्यांवरील कुपोषण सर्वश्रुत आहे. समजा, निरोगी व्यक्तींसाठी ७० ते १३० एकके ही मर्यादा धरली. वसाविकारामुळे ज्याचे मूळ मूल्य १३० आहे, त्याची ४० टक्के क्रिया फवारणीच्या विषाने नष्ट झाली तरी ७८ एकके उरतात, आणि अहवालात तो निर्धोक ठरतो. उलटपक्षी, अर्धपोटी मजुराचे मूल्य विषाचा स्पर्शही नसता ६५ भरू शकेल आणि तो बाधित गणला जाईल. यांपैकी पहिली चूक जिवावर बेतणारी आहे.

मापनातही सावधगिरी हवी. एलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीत उत्पन्न होणाऱ्या पिवळ्या रंगाची तीव्रता प्रकाशशोषणावरून मोजतात. वसेने दुधाळ झालेला रक्तरस स्वतःच प्रकाश अडवितो. तेव्हा त्याचा परिणाम कसा वगळला, हे लेखकाने स्पष्ट सांगितले पाहिजे.

कॅलिफोर्नियात १९७४ पासून रूढ असलेली पद्धत अधिक विचारपूर्वक योजिलेली दिसते. तेथे कामगाराचे संपर्कापूर्वीचे स्वतःचे मूल्य आधारभूत मानतात. रक्तरसातील क्रिया त्याच्या ६० टक्क्यांवर, किंवा तांबड्या पेशींतील क्रिया ७० टक्क्यांवर उतरली की त्यास त्या कामावरून दूर करतात. तांबड्या पेशींतील एंझाइम मज्जासंस्थेतील एंझाइमाशी अधिक निकटचे असल्याने त्याची साक्ष अधिक मोलाची होय.

सारांश, वसाविकारांच्या अभ्यासकाने व्यक्तीचा व्यवसाय, अलीकडील फवारणी व पोषणस्थिती यांची नोंद केल्यावाचून एंझाइमाच्या आकड्याचा अर्थ लावू नये.