निर्णयाची दालनं आणि कॅम्पातल्या बराकी

(उल्हासनगर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय आहे, एकीकरणाचे निर्णय जिथे झाले त्या वास्तू. विषय ऐकला की डोळ्यांपुढे घुमट येतात, खांब येतात, रुंद पायऱ्या येतात. उल्हासनगरात यातलं काही नाही. इथे पत्ता सांगताना लोक अजूनही बॅरेक नंबर सांगतात, मग सेक्शन, मग कॅम्प. तरी हा विषय इथेच बोलायला हवा असं मला वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा वास्तूंवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक दर्शनी भागावर असतं. शैली कुठली, दगड कुठला, वास्तुविशारद कोण. हे कळायला हवंच, पण तेवढ्यावर थांबलं की इमारत नुसती देखणी उरते. मी आज प्रत्येक इमारतीला तीन साधे प्रश्न विचारणार आहे. आत कोण बसलं होतं? बाहेर कोण उभं होतं? आणि निर्णयाचा भार शेवटी कुठल्या छपराखाली जाऊन पडला?

सुरुवात लांबून करतो, म्हणजे जवळचं नीट दिसेल. जर्मनीत फ्रँकफर्टला सेंट पॉलचं चर्च आहे, लंबगोल आकाराचं. १८ मे १८४८ ला तिथे सगळ्या जर्मन प्रदेशांतून निवडून आलेली राष्ट्रीय सभा भरली. खाली प्रतिनिधी बसायचे, आणि वर खांबांवरच्या गॅलरीत सामान्य माणसं बसून भाषणं ऐकायची. या सभेनं घटना तयार केली आणि प्रशियाच्या राजाला मुकुट देऊ केला. त्यानं १८४९ मध्ये तो नाकारला. जर्मनीचं एकीकरण प्रत्यक्षात जाहीर झालं ते १८ जानेवारी १८७१ ला, फ्रान्समध्ये, व्हर्सायच्या आरसेमहालात. भोवती राजे, राजपुत्र आणि लष्करी अधिकारी. देखणेपणात त्या चर्चची आरसेमहालाशी बरोबरीच नाही. पण आत-बाहेरचा प्रश्न विचारला की चित्र उलटतं. जिथे लोकांसाठी गॅलरी होती तिथला प्रयत्न फसला, आणि जिथे लोकांना जागाच नव्हती तिथे तो पार पडला. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते चर्च जळालं. १९४८ मध्ये रुडॉल्फ श्वार्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा उभं केलं, तेव्हा आतली जुनी सजावट परत आणली नाही. आतलं सभागृह साधं, पांढरं ठेवलं. आपण काय गमावलं हे इमारतीला बोलू देणं म्हणजे काय, ते तिथे दिसतं.

आता आपल्याकडे येऊ. दिल्लीचं जुनं संसद भवन हर्बर्ट बेकरनं उभारलं. १८ जानेवारी १९२७ ला त्याचं उद्घाटन झालं. बाहेरच्या ओवरीचे १४४ खांब सगळ्यांना माहीत असतात. पण नकाशा बघा. मध्ये गोल सभागृह आणि त्याच्या तीन बाजूंना तीन अर्धवर्तुळं. एक विधानसभेचं, एक कौन्सिल ऑफ स्टेटचं आणि एक नरेंद्र मंडळाचं, म्हणजे संस्थानिकांचं. निवडणुकीतून आलेली माणसं आणि गादीवर जन्मलेली माणसं एकाच वर्तुळात, पण भिंती वेगळ्या. त्या वेळचा हिंदुस्थान कसा चालवायचा ठरलं होतं ते या नकाशातच वाचता येतं. मला तरी या इमारतीत खांबांपेक्षा हा नकाशा महत्त्वाचा वाटतो.

२५ जुलै १९४७ ला माउंटबॅटन याच नरेंद्र मंडळापुढे बोलले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय द्या, आणि १५ ऑगस्टच्या आत सामील व्हा. ऐकायला राजे होते, त्यांचे दिवाण आणि प्रतिनिधी होते. संस्थानी प्रजेला त्या सभेत जागा नव्हती. पुढे काय झालं? १९५० साली त्याच दालनात सर्वोच्च न्यायालय बसू लागलं आणि १९५८ पर्यंत तिथेच होतं. राजांच्या दालनात सामान्य नागरिकाचा अर्ज ऐकला जाऊ लागला! एकाही खांबाला हात न लावता इमारतीचा अर्थ बदलला.

आता मुंबई. संयुक्त महाराष्ट्राची चर्चा ज्या विधिमंडळात झाली ते कुठे भरत होतं? रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये. ही इमारत मुळात खलाशांचं वसतिगृह, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७६ साली पूर्ण झाली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, ज्यांनी पुढे व्हीटी स्टेशन उभारलं. म्हणून तर तिच्या माथ्यावर समुद्रदेव नेपच्यून आहे. मराठी भाषकांच्या राज्यावर आत वाद चालला होता आणि वर नेपच्यून बसलेला होता!

२१ नोव्हेंबर १९५५ ला लोक याच विधिमंडळाकडे निघाले होते. पोलिसांनी त्यांना फ्लोरा फाउंटनपाशी अडवलं आणि गोळीबार झाला. कौन्सिल हॉलपासून ती जागा किलोमीटरभरसुद्धा नाही. आत कोण आणि बाहेर कोण, या प्रश्नाचं इतकं कठोर उत्तर मला दुसरं माहीत नाही. या चळवळीच्या हुतात्म्यांचं स्मारक तिथेच आहे, १८६४ च्या रोमन फुलदेवीच्या कारंज्याशेजारी. माझी तक्रार अशी आहे, की आपण चौकात हार घालतो, पण ते लोक ज्या दाराकडे निघाले होते ते दार मात्र विसरतो. १९८१ मध्ये विधिमंडळ नरिमन पॉइंटला गेलं. जुन्या कौन्सिल हॉलमध्ये आज राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. आणखी एक गोष्ट. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचं फक्त मत मागवतात, कायदा संसद करते. म्हणजे १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा शेवटी मंजूर झाला तो पुन्हा बेकरच्याच गोल इमारतीत.

आता तिसरा प्रश्न, भाराचा. त्यासाठी आधी कराचीला जायला हवं. सिंध प्रांताच्या विधानसभेनं पाकिस्तानच्या बाजूचा ठराव केला तो ३ मार्च १९४३ ला. त्याच विधानसभेच्या कराचीतल्या इमारतीत १० ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तानची घटना समिती पहिल्यांदा भरली. अर्थात फाळणी एकट्या कराचीत ठरली नाही, लंडन आणि दिल्लीतही ठरली. पण तिचा भार घेऊन माणसं जिथे आली ती जागा ही, तुमच्या पायाखालची.

हा कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेला, पाच भागांत विभागलेला. फाळणीनंतर इथे सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. लांबट, बैठ्या बराकी, काही दिवसांच्या वस्तीसाठी केलेल्या. त्यात गोणपाट आणि चादरी बांधून एकेका कुटुंबानं खोली केली. मग गोणपाटाच्या जागी विटा आल्या, पुढे दुकान निघालं, वर मजला चढला. २००६ साली इथली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. टीकाकार याला बकालपणा म्हणतात. मला ती भिंत-भिंत वाचता येणारी कागदपत्रं वाटतात. १९५६ ला भाषावार राज्यं झाली, त्यात सिंधीला राज्य नव्हतं. १० एप्रिल १९६७ ला ती भाषा आठव्या परिशिष्टात आली. मधली सगळी वर्षं तिला घर होतं ते अशा वस्त्यांत.

कुणी विचारेल, मग काय, लोकांना गळक्या छपराखाली ठेवायचं? मुळीच नाही. पक्कं घर हा त्यांचा हक्क आहे. पण पाडण्याआधी मोजायला काय हरकत आहे? अंबरनाथचं शिवमंदिर बघा, याच वालधुनीच्या काठावर. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख तिथे आहे, त्यात शिलाहार राजा मामवाणीचं नाव आहे. त्यामुळे साडेनऊशे वर्षांनंतरही ते देऊळ कोणाच्या काळातलं, हे आपण सांगू शकतो. बराकीवर कोणी काही कोरलेलं नाही. ती गेली की तिच्याबरोबर नकाशाही जाणार.

म्हणून एकच मागणी. इथल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टेप घेऊन एक तरी जुनी बराक मोजावी. मूळ भिंत कुठली, नंतरची कुठली, पडदा कुठे होता, चूल कुठे होती, हे कागदावर उतरवावं. ज्यांना गोणपाटाचा पडदा आठवतो ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरातच असतील. आज घरी गेल्यावर त्यांना एवढं विचारा, आपली खोली किती पावलांची होती?

आता प्रश्न घेऊ या.