‘आक्रमण’ या संज्ञेची व्याप्ती

अल्बर्ट बँड्यूरा, डोरोथिया रॉस व शीला रॉस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टॅनफर्ड येथील शिशुशाळेच्या ९६ बालकांचे निरीक्षण आहे. पडद्यावर बाहुल्याला होणारी मारहाण पाहिलेल्या मुलांनी, ती न पाहिलेल्या मुलांहून अधिक मारहाण केली. अनुकरणाचा पुरावा म्हणून हे मान्य करावयास हवे. तथापि, ढकलताच पुन्हा उभा राहणारा हा बाहुला मारण्यासाठीच घडविलेला असतो. त्याला मारणे व सवंगड्यास दुखविणे या दोहोंना ‘आक्रमण’ हे एकच नाव दिले, की हेतूचा भेद लोपतो. त्यावरून दूरचित्रवाणी युवकांस हिंसक बनविते असे म्हणणे म्हणजे साध्यच संज्ञेत गृहीत धरणे होय. यामुळे दूरचित्रवाणी निर्दोष ठरत नाही; तिच्यावरील आरोपास निराळा पुरावा हवा, इतकेच ठरते.