ताल पडद्यावर की बोटांत?

बीबीसीचा ‘डान्स मॅट टायपिंग’ हा 7 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेला संगणकावरील खेळ. त्याच्या 4 पातळ्या आहेत, प्रत्येकीचे 3 टप्पे. सुरुवात कळफलकाच्या मधल्या ओळीपासून होते. कोणते अक्षर कोणत्या बोटाने दाबायचे, हे रंगांवरून समजते. नवी अक्षरे थोडी थोडी येतात. शिकवण्याचा हा क्रम उत्तम आहे.

नावातला नाच मात्र बक्षिसापुरताच! टप्पा संपला की प्राणी गातात, नाचतात. टंकलेखन करताना ताल सांभाळावा लागत नाही. ही उणीव मानावी का? मला तसे वाटत नाही. सराईत टंकलेखकाची बोटे समान अंतराने पडत नाहीत. लागोपाठची अक्षरे वेगवेगळ्या हातांकडे असली, तर एक हात काम करीत असताना दुसरा पुढच्या जागी पोचलेला असतो. एकाच बोटाकडे असली, तर वेळ लागतो. बाहेरून लादलेला एकसारखा ठेका हा फरकच पुसून टाकेल.

हा खेळ इंग्रजीपुरता आहे. पण त्याचा क्रम आपण मराठीसाठी जरूर उचलावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. ‘रोप’, ‘केर’, ‘पोत’ हे शब्द मधल्या ओळीतच लिहून होतात आणि उजवा-डावा-उजवा असा ताल आपोआप धरला जातो. असे शब्द फळ्यावर लिहून सराव घ्यावा. आरंभी वेग मोजू नये, चुका मोजाव्यात.