सर्किटची आकृती हातात आहे, तरी सूर बिघडलेलाच

रिसर्चला लागण्याआधी काय वाचावं असं विचारलं, की सीनियर मंडळी एक लेख हमखास पुढे करतात. युरी लाझेबनिक यांचा, २००२ साली 'कॅन्सर सेल'मध्ये आलेला. शीर्षकातच प्रश्न आहे : जीवशास्त्रज्ञाला रेडिओ दुरुस्त करता येईल का? तुम्हीही तो वाचाच. पण वाचून झाल्यावर लगेच मान डोलवू नका. का, ते एका जुन्या सिंथेसायझरच्या आधाराने सांगतो.

आधी लेखाबद्दल. लाझेबनिक पेशी कशा मरतात याचा अभ्यास करणारे. बायकोने रशियातून आणलेला एक बिघडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ ते समोर ठेवतात आणि विचारतात, आम्ही जीवशास्त्रज्ञ हा कसा दुरुस्त करू? तर भरपूर ग्रँट मिळवू, तसेच चालू रेडिओ ढिगाने विकत घेऊ, ते उघडून भागांची रंग-आकारानुसार वर्गवारी करू, एकेक भाग काढून काय बंद पडतं ते बघू, आणि प्रत्येक 'महत्त्वाच्या' भागावर पेपर लिहू. एवढं करून रेडिओ बंदच. कारण कदाचित सगळे भाग ठणठणीत असतील, फक्त एखादा फिरवायचा भाग चुकीच्या जागी असेल. इंजिनियरला हे सापडतं, कारण त्याच्याकडे सर्किटची आकृती असते, आकडे असतात, म्हणजे नेमकी भाषा असते. जीवशास्त्राने ती भाषा शिकावी, हा लेखाचा निष्कर्ष.

विनोद फर्मास आहे, निदानही बरंचसं खरं आहे. २०१७ साली जोनास आणि कॉर्डिंग यांनी हाच प्रश्न मेंदूविज्ञानाला विचारला. '६५०२' या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या सिम्युलेशनमधले ट्रान्झिस्टर त्यांनी एकेक करून बंद केले. काही ट्रान्झिस्टर फक्त 'डाँकी काँग' हा एकच गेम चालायला लागणारे निघाले. म्हणून त्यांना 'डाँकी काँगचे ट्रान्झिस्टर' म्हणायचं का? अर्थातच नाही. इथवर लाझेबनिक यांच्याशी माझं पटतं.

खटकतं ते पुढचं. आकृती हातात आली की दुरुस्ती झालीच, असा लेखाचा सूर आहे. आता रोलँडचा जुनो-१०६ बघा. १९८४चा सिंथ. एकावेळी सहा सूर वाजवतो, कारण आत आवाज घडवणारे सहा सारखे मार्ग आहेत. प्रत्येक मार्गात ८००१७ए नावाची एक चिप आहे, ती त्या मार्गाचा फिल्टर आणि आवाजाची पातळी सांभाळते. या यंत्राचं दुखणं दुरुस्ती करणाऱ्यांना तोंडपाठ आहे : एकेक पट्टी सावकाश दाबत गेलात की दर सहावा सूर खरखरतो, मुका होतो किंवा थांबतच नाही.

यंत्राची सर्व्हिस मॅन्युअल उपलब्ध आहे. आकृती आहे, व्होल्टेज आहेत, कुठला ट्रिमर किती फिरवायचा तेही आहे. लाझेबनिक यांना हवं ते सगळं. तरी दोष त्या आकृतीत सापडत नाही. ८००१७ए म्हणजे प्रत्यक्षात एक छोटी पट्टी आहे, तिच्यावर बारीक भाग बसवून वरून काळ्या इपॉक्सीचा लेप दिलेला. वर्षं गेली की हा लेप किंचित वीज वाहू लागतो. ±१५ व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रात १५ व्होल्टची ओळ आणि एखादा नाजूक बिंदू यांच्यामध्ये समजा १० मेगाओमची वाट तयार झाली, तर १.५ मायक्रोअँपियर गळतो. रेडिओच्या स्पीकरला त्याचं काही नाही. पण ज्या फिल्टरचं नियंत्रणच सूक्ष्म प्रवाहांवर चालतं, त्याला एवढं पुरतं. पुष्कळदा उपाय काय, तर चिप उतरवायची, दोनेक दिवस ॲसिटोनमध्ये ठेवायची आणि लेप सोलून काढायचा. बऱ्याच चिपा परत बोलू लागतात. ज्या बोलत नाहीत त्यांच्या जागी नवी प्रतिकृती बसवायची.

आकृतीत तो लेप नाही. असणारही नाही, कारण काढणाऱ्याच्या लेखी तो सर्किटचा भागच नव्हता. नेमकी भाषा तिच्यात ज्याला नाव आहे तेवढंच बोलते, ही गोष्ट लाझेबनिक यांच्या लेखात येत नाही.

दुसरा आक्षेप. भाग काढून बघण्याची ते चेष्टा करतात, पण दुरुस्ती करणारेही अदलाबदल करतातच. फरक पद्धतीत आहे. आधी सप्लायची व्होल्टेज मोजतात. मग ट्रान्सपोजचं बटण दाबून यंत्र चालू करतात; या टेस्ट मोडमध्ये कुठला मार्ग वाजतोय त्याचा आकडा डिस्प्लेवर दिसतो. समजा तिसरा बिघडलाय. ऑसिलोस्कोपवर चिपेत जाणारा सिग्नल ठीक आणि बाहेर येणारा खराब दिसला, तरच सोल्डर काढायला हात घालायचा, कारण त्यात बोर्डावरची तांब्याची रेघ उचकटू शकते. मग तिसऱ्याची चिप पाचव्यात आणि पाचव्याची तिसऱ्यात. दोष चिपेबरोबर गेला तर चिप दोषी. जागीच राहिला तर बोर्ड. थोडा सूर-फरक राहील, कारण ट्रिमर जुन्या चिपेला लावलेले असतात. तो दोष समजू नका, मूळ लक्षण शोधा.

म्हणजे चांगले पाच मार्ग हे त्याच यंत्रातले कंट्रोल झाले. लाझेबनिक यांच्या एकट्या रेडिओत ही सोय नाही, त्यामुळे 'भाग काढणं' त्यांना मुळातच बावळट वाटतं. बावळट आहे ते दोन्ही निकालांचा अर्थ आधी न ठरवता काढणं. सगळेच कपॅसिटर एका बैठकीत बदलून टाका, हा नेहमीचा सल्ला त्याच जातीचा. यंत्र सुरू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर जुन्या दोषात तुमचे नवे मिसळलेले.

हे मला महाग पडलंय म्हणून एवढं लिहितोय. आमच्या सेटअपमध्ये फोटोडायोडच्या अँप्लिफायरचं आउटपुट अंधारातही शून्यावर येईना. तीन आठवडे मी आकृती तपासली, ऑप-अँप बदलला, कोड बदलला. दोष निघाला बोर्डावर राहिलेल्या सोल्डरच्या फ्लक्समध्ये. तो ओलावा धरत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रश, थोडं वाळवणं, काम झालं. लाज वाटली ती नंतर, वही चाळताना. पहिल्याच आठवड्यात मी लिहून ठेवलं होतं, 'आज पाऊस, ऑफसेट जास्त'. पण माझ्या आकृतीत पावसाला जागा नव्हती, म्हणून त्या ओळीला मी निरीक्षण मानलंच नाही.

तेव्हा लाझेबनिक वाचा, मॉडेल मांडायला आणि आकड्यांत बोलायला शिका. ते बरोबरच आहेत. त्यासोबत वहीत एक रकाना जास्तीचा ठेवा : मॉडेलमध्ये नसलेलं पण आज दिसलेलं. आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी दोन वाक्यं लिहा. असं झालं तर मी काय मानीन, आणि तसं झालं तर काय. दुसरं वाक्य सुचत नसेल तर ती टेस्ट अजून करू नका.