रात्रीचा संकेत आणि रात्रीची शाई

जपानी काष्ठमुद्राचित्रांत रात्र येते ती प्रथम संकेताच्या रूपाने. चंद्र वा कंदील दिसला की रात्र समजावी. माणसे, भिंती, वस्त्रांवरील नक्षी मात्र दिवसाइतकीच स्पष्ट. हिरोशिगेचे सारुवाकामाचीचे रात्रदृश्य (१८५६) महत्त्वाचे ठरते ते हा संकेत तेथे अपुरा पडतो म्हणून. १८४० च्या दशकात शासनाने एदो शहराच्या कडेला हलविलेल्या काबुकी नाट्यगृहांचा हा रस्ता. नाट्यगृहे नामांकित खरी; पण पौर्णिमेच्या चंद्राखाली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सावल्या जमिनीवर पडलेल्या आहेत आणि आपली दृष्टी इमारतींवरून तेथे उतरते. रात्र आकाशात नाही, माणसांच्या पायांशी आहे.

योशिदा हिरोशीकडे (१८७६–१९५०) प्रश्नच बदलतो. 'गलबते' (१९२६) या मालिकेत त्याने तेच ठसे ठेवून केवळ रंग पालटले आणि सकाळ, धुके, रात्र छापली. येथे रात्र चित्राचा विषय राहत नाही, ती शाईची एक अवस्था होते. आशय आणि घाट यांची आपली सोयीस्कर विभागणी एवढ्याने डळमळते.

मात्र १९३०-३१ च्या भारतप्रवासातून आलेल्या त्याच्या ताजमहालाच्या रात्रचित्रांविषयी असे म्हणवत नाही. ताज चांदण्यात पाहावा, ही अपेक्षा प्रवाशांनी आधीच रूढ केलेली होती; योशिदाचे असामान्य मुद्रणकौशल्य तिला छेद देत नाही, तिची शोभा वाढविते. त्याच प्रवासातल्या वेरूळच्या चित्रात असा ठरीव प्रहर आडवा येत नाही, आणि तेथील काळोख दगडाचाच वाटतो.