पहिल्या प्रकरणाने दिलेला शब्द

लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' वाचून हिरमुसलेले वाचक मला वारंवार भेटतात. २०१५चा ह्यूगो पुरस्कार, तो मिळवणारी पहिली अनुवादित कादंबरी, एवढे ऐकून ते पुस्तक हातात घेतात आणि निम्म्यावर येईतो नाक मुरडतात. तक्रार एकच : माणसे सपाट आहेत. ती खोटीही नाही. नॅनोतंत्रज्ञ वांग म्यावला बायको आहे, मुलगा आहे. फोटोंत उलटमोजणीचे आकडे उमटू लागतात तेव्हा कॅमेरा धरण्यापुरते ते कामाला येतात, मग लेखकाला त्यांचा विसर पडतो.

यावर 'विज्ञानकथेत असे चालायचेच' हा बचाव मराठी वाचकाने नारळीकरांच्या कथांबद्दलही ऐकलेला आहे. मला तो तेव्हाही पटला नव्हता. इथे तर तो कादंबरीच खोडून काढते. १९६७. सांस्कृतिक क्रांतीत भर सभेत एका भौतिकशास्त्रज्ञाला विद्यार्थिनी मारून टाकतात. त्याआधी त्याची बायकोच व्यासपीठावरून त्याच्यावर आरोप करते. मुलगी ये वन्ज्ये हे पाहत असते. पुढे परग्रहावरून 'उत्तर देऊ नका' असा इशारा येतो, तरी ती उत्तर देते, आणि ते गुपित राखण्यासाठी नवऱ्याचाही जीव घेते. बऱ्याच वर्षांनी वडिलांना मारणाऱ्यांपैकी तिघी तिला भेटतात. तिला फक्त पश्चात्ताप हवा असतो. त्या तो देत नाहीत. हे प्रकरण लिहिणाऱ्याला माणसे जमत नाहीत, असे कोण म्हणेल?

म्हणजे न जमण्याचा प्रश्न नाही, सोडून देण्याचा आहे. पहिले प्रकरण एक शब्द देते : माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो तेव्हा काय होते, ते सांगेन. मग कादंबरी कोड्यांच्या मागे लागते. कोडी सुंदर आहेत, हे मान्य. काळे-पांढरे झेंडे वरखाली करणाऱ्या तीन कोटी सैनिकांचा संगणक, आणि तो चालवायला न्यूटन व फॉन नॉयमन! त्या पानांवर मी मोठ्याने हसलो. पण प्रोटॉन उलगडून त्यावर यंत्र कोरण्याच्या लांबलचक प्रकरणात परग्रहवासी सरकारी खात्यासारखे बोलू लागतात, तेव्हा ये वन्ज्येचे दुःख पार मागे पडलेले असते.

यात अनुवादाचाही हात आहे. चीनमधल्या २००८च्या पुस्तकात १९६७चा भाग मधोमध होता. सेन्सॉरच्या धास्तीने तो तिथे सरकवला होता. केन लिऊ यांनी इंग्रजीत तो लेखकाच्या मूळ मनाप्रमाणे आरंभी आणला. चिनी पुस्तकाचा वाचक एका रहस्यकथेत शिरत होता. आपण एका शोकांतिकेत शिरतो, आणि रहस्यकथेतून बाहेर पडतो.

दुसऱ्या खेपेला मी इंग्रजीतली पहिली तीन प्रकरणे बाजूला ठेवून वांग म्यावपासून सुरुवात केली. तो तितका खुपला नाही. त्याने कुणाला काही कबूलच केले नव्हते. पण पुस्तकही हलके झाले. १९६७पाशी पोचलो तेव्हा ते एका कोड्याचे उत्तर वाटले. शेवटी ये वन्ज्ये रडार शिखरावर सूर्यास्त पाहायला चढते, ती थोडीशी पाने मात्र दोन्ही क्रमांत तेवढीच राहतात, आणि दोन्ही वेळा ती मला अपुरी वाटली.